आयईएलटीएस स्पीकिंग : पाठ केलेला गोवा आणि साडेसहा बँड

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी नागपूरला एका खासगी दवाखान्यात आयसीयूत स्टाफ नर्स आहे, नऊ वर्षं झाली. यूकेला जायचं ठरवलंय. तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत (तिथल्या गुणांना बँड म्हणतात) लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंगला ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. माझा निकाल असा: लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६.५, स्पीकिंग ६.५. म्हणजे सगळं जमलं आणि तोंड उघडल्यावर घोटाळा झाला. बारा महिन्यांच्या आतले दोन निकाल जोडता येतात, पण दोन्हींमध्ये कुठलाही भाग हव्या असलेल्या बँडपेक्षा अर्ध्या बँडहून जास्त खाली गेलेला चालत नाही. म्हणून पुन्हा बसणार आहे. फी आठवली की पोटात गोळा येतो.

आता खरी गोष्ट. क्लास लावला होता, कोणता ते नाही सांगत. तिथे एक जाड फाइल मिळाली, साठेक उत्तरं, सगळ्यांना तीच. मी ड्युटीवरून येऊन, अंघोळ करून, देवाचं म्हणावं तशी रोज म्हणायची. परीक्षेत कार्ड आलं, पाण्याजवळची तुम्हाला आवडणारी एखादी जागा सांगा. मनात म्हटलं, हे तर फाइलमधलं गोव्याचं! गोल्डन सँड, क्रिस्टल क्लिअर वॉटर, ब्रेथटेकिंग सनसेट, धाड धाड म्हणून टाकलं. समोरच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, "इज इट इझी टु गेट देअर फ्रॉम हिअर?"

मी गोवा पाहिलेला नाही. गोवा सोडा, मी समुद्रच पाहिलेला नाही. तोंडातून निघालं, "यस, फ्रॉम बर्डी..." (बर्डी म्हणजे सीताबर्डी, आमच्या नागपूरचा मधला भाग) आणि पुढे गाडी बंद.

तिसऱ्या भागात मग मी अशी घाबरले की प्रत्येक वाक्य "आय थिंक" ने सुरू केलं.

प्रश्न एवढाच आहे. पाठ करायचं नाही हे समजलं. पण मग उत्तराची तयारी करायची तरी कशी? काहीच न करता जायचं म्हटलं तर मी गप्पच बसते.

तर्रीवाला | मंगळवार, सकाळी ७:१५

बर्डीवरून गोवा! बाप्पा, ताई, ऑटोवाला पण नाही म्हणणार नाही, फक्त मीटरने येणार नाही.

(गंमत बाजूला. धागा चांगला आहे, माझा भाचा पण हेच करून राहिला. त्याला लिंक पाठवतो.)

ऑरेंज लाईन | मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, मला मागच्या वर्षी स्पीकिंगला ७.५ मिळाले. मी काही इंग्रजी माध्यमातला नाही, जिल्हा परिषदेची शाळा आणि मग इंजिनिअरिंग. त्यामुळे लिहितोय.

आधी परीक्षेचा सांगाडा, कारण भाच्यालाही लागेल. एकूण ११ ते १४ मिनिटं. पहिला भाग चार-पाच मिनिटं: घर, काम, आवडीनिवडी. दुसऱ्यात कार्ड मिळतं, एक मिनिट तयारी, कागद-पेन्सिल देतात, मग एक ते दोन मिनिटं एकट्याने बोलायचं आणि शेवटी एखाद-दोन छोटे प्रश्न. तुमचा गोवा तिथेच बुडाला. तिसरा भाग पुन्हा चार-पाच मिनिटं, कार्डाच्याच विषयावर पण मोठे प्रश्न, समाज, बदल, सरकारने काय करावं वगैरे. सगळं रेकॉर्ड होतं. दोन मिनिटं झाली की परीक्षक मधेच थांबवतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. थांबवलं म्हणजे तुमच्याकडे बोलायला होतं.

तयारीचं म्हणाल तर माझा क्लास मेट्रोत झाला. खापरीहून सीताबर्डीपर्यंत रोज जातो. गाडी सुटली की मनातल्या मनात एक विषय सुरू करायचा आणि पुढचं स्टेशन येईस्तोवर थांबायचं नाही. उज्ज्वल नगर ते जयप्रकाश नगर, लहानपणीचं खेळणं. छत्रपती चौक ते अजनी चौक, न आवडलेली भेटवस्तू. पहिले पंधरा दिवस अर्ध्या वाटेतच विषय संपायचा. मग हळूहळू उलटं व्हायला लागलं, स्टेशन यायचं आणि माझं राहून जायचं.

घरी आल्यावर तोच विषय मोबाईलवर रेकॉर्ड करायचो. आणि हे महत्त्वाचं, ते ऐकून शब्द न् शब्द कागदावर उतरवायचो. एका उत्तरात "अॅक्च्युअली" अकरा वेळा! लिहिताना हात दुखला म्हणून सवय सुटली, शहाणपणाने नाही.

निवृत्त मास्तर | मंगळवार, दुपारी ४:३०

मी कनिष्ठ महाविद्यालयात चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातली पहिली दहा वर्षं मुलांकडून आवडत्या ऋतूवरचा निबंध पाठ करून घेतला. त्याचं प्रायश्चित्त म्हणून हा लांब प्रतिसाद समजा.

बेटा, गुण कशाचे असतात ते आधी पाहू. चार कसोट्या आहेत आणि चारींना सारखं वजन: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. प्रत्येकीला पूर्ण बँड मिळतो आणि चारांची सरासरी काढतात. म्हणजे तुझे साडेसहा बहुधा दोन साताचे आणि दोन सहाचे. तुला चारांची बेरीज अठ्ठावीसपर्यंत न्यायची आहे. डोंगर नाही, दोन पायऱ्या आहेत.

या पायऱ्या कुठल्या? सहा बँडचं वर्णन साधारण असं आहे की उमेदवार लांब बोलायला तयार असतो, पण मधे अडखळल्याने, पुन्हा पुन्हा तेच म्हटल्याने, स्वतःला दुरुस्त करत बसल्याने धागा सुटतो. सातला धागा सुटत नाही आणि बोलायला कष्ट पडताहेत असं वाटत नाही. थांबायला सातलाही हरकत नाही, आठलाही नाही. फरक कशासाठी थांबलात याचा आहे. आठच्या बँडला माणूस बहुतेक करून काय सांगावं याचा विचार करायला थांबतो, शब्द शोधायला क्वचितच. "हं, कुठला प्रसंग सांगू..." म्हणून थांबलात तर तो विचार झाला. "वाळूला काय म्हणायचं होतं फाइलमध्ये?" म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं. पाठ केलेल्या उत्तरात दुसऱ्याच जातीचं थांबणं येतं, कारण विचार करण्यासारखं तिथे काही शिल्लकच नसतं.

आता रचना. आमच्या लहानपणी नागपूरच्या महाल भागात रामनवमीला कीर्तन असायचं. बुवा पूर्वरंगात अभंगाचा एक चरण घ्यायचे, त्याचं निरूपण करायचे आणि उत्तररंगात आख्यान लावायचे. आख्यानात कुठेही भटकले, मधेच समोरच्या घोरणाऱ्या काकांची टिंगल केली, तरी फिरून त्याच चरणावर यायचे. बुवांचं कीर्तन शब्दशः पाठ कधीच नसायचं. पाठ असायचा तो चरण, आणि आख्यानातले टप्पे. शब्द त्या दिवशीचे.

कार्डाचं उत्तर असंच बांध. चरण म्हणजे एका वाक्यात उत्तर, कोणती जागा, कोणता माणूस. निरूपण म्हणजे कधी, कुठे, कशामुळे, तीन-चार वाक्यं. मग आख्यान, आणि ते एकच. एकच दिवस, एकच प्रसंग, त्यात कोण काय म्हणालं, हातात काय होतं. इथे एक मिनिटभर रमायचं. शेवटी चरणावर परत, म्हणजे आज त्याबद्दल काय वाटतं, तेव्हा काय वेगळं केलं असतं. याने व्याकरणाची सोय आपोआप होते: निरूपणात वर्तमानकाळ, आख्यानात भूतकाळ आणि "होत होतं", शेवटी "केलं असतं तर". परीक्षकाला विविधता दाखवायला वेगळी कसरत करावी लागत नाही.

एक मिनिटाच्या कागदावर वाक्यं लिहू नकोस. मराठीत तर मुळीच नको, भाषांतर करत बसशील. फक्त नावं, आकडे आणि वस्तू. चार-पाच शब्द पुरे. तो कागद परत घेतात, तपासत नाहीत.

आता माझं ऐकणार असशील तर गृहपाठ. "हवामानामुळे तुमचा बेत बदलला असा प्रसंग." नागपूरच्या माणसाला उन्हाळा सुचेल. तू मला तुझ्या आयुष्यातला एकच दिवस सांग. आधी मराठीत.

झिरो माईल | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

मास्तर, कीर्तन पटलं. पण परीक्षेला जाताना टाळ-चिपळ्या पासपोर्टसोबत नेऊ देतात का?

निवृत्त मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ७:१०

घड्याळ काढून ठेवायला लावतात, चिपळ्या कुठल्या नेऊ देतील!

क्लासवाला | मंगळवार, रात्री ९:२५

मी असाच क्लास चालवतो. कुठे ते सांगत नाही, जाहिरात नको. वरचं वाचून थोडं टोचलं म्हणून लिहितो.

सगळ्यांना फाइल देणं चूक, मान्य. पण तुम्ही साडेसहावाल्या नर्सबाईंकडे बघून बोलताय. माझ्याकडे तालुक्यांतून पोरं येतात, बारावी झालेली. समोर माणूस बसला की "माय नेम इज" च्या पुढे त्यांची जीभ टाळूला चिकटते. "आय" नंतर "ॲम" घ्यावं की "हॅव" यावर तो पोरगा घाम पुसतो. त्याला आख्यान लाव म्हणून सांगून भागत नाही. त्याला तयार वाक्यांची कुबडी लागते. ती धरून तो पहिल्यांदा दोन मिनिटं बोलतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जे येतं ना, ते पाहायला या एकदा.

आणि एक दुरुस्ती. पहिल्या भागात परीक्षक ठरलेले प्रश्नच विचारतात, मनाचे घालत नाहीत. तिथे दोन-तीन वाक्यं पुरतात. बरेच जण घराबद्दल विचारलं की पूर्वरंग-उत्तररंग सगळं तिथेच लावतात. मग परीक्षक मधे तोडतात आणि हे खचतात. कीर्तन दुसऱ्या भागापुरतं ठेवा.

निवृत्त मास्तर | मंगळवार, रात्री १०:००

दुरुस्ती शंभर टक्के मान्य. कुबडीही मान्य. पण पाय बरा झाल्यावर ती परत घेता का हो?

क्लासवाला | मंगळवार, रात्री १०:२०

छापलेली असते. परत कोण देतं.

शनिवारवाड्याच्या बाजूचा | बुधवार, सकाळी ८:४५

एवढा ऊहापोह कशाला? रोज बीबीसी ऐका, त्यांच्यासारखा उच्चार आणा, चांगले मोठे शब्द वापरा. आमच्या शेजारचा मुलगा "प्लेथोरा" आणि "मिरियड" वापरून आठ घेऊन आला.

तर्रीवाला | बुधवार, सकाळी ९:००

"देअर इज अ प्लेथोरा ऑफ तर्री इन माय पोहे." भाऊ, आमच्याकडे याला नुसतं "जास्त टाक बे" म्हणतात आणि काम होते.

कॅलगरीकर | बुधवार, सकाळी १०:३०

मी मूळची लक्ष्मीनगरची, सध्या कॅनडात. एक्स्प्रेस एंट्रीसाठी (कॅनडात स्थायिक व्हायची गुणांवर चालणारी पद्धत) मलाही स्पीकिंगला ७ हवे होते. पहिल्यांदा ६.५, दुसऱ्यांदा ७.५. उच्चारावर माझा बराच जीव गेला म्हणून लिहिते.

शनिवारवाडेकरांशी असहमत. तुमचा हेल कुठला आहे याचे गुण नसतात, समोरच्याला किती सहज कळतं याचे असतात. मी तीन महिने ब्रिटिश हेल काढत बसले आणि माझा नवरा म्हणाला, तू अंगात आल्यासारखी बोलतेस. ते सोडलं आणि तीनच गोष्टी धरल्या.

एक, व आणि व्ह. आपली लिपी बिचारी दोन्ही वेगळे लिहून दाखवते, आपणच दोन्ही एकसारखे म्हणतो. ताई, तुमच्याच कामातले शब्द घ्या. "वॉर्ड" म्हणताना ओठ गोल, दात लांब. "व्हेइन" म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकलेच पाहिजेत. "द व्हेइन, द वूंड, द वॉर्ड, द व्हेंटिलेटर" असं आरशासमोर म्हणा. ओठ थकले पाहिजेत.

दोन, जोर. मराठीत आपण सगळ्या अक्षरांना साधारण सारखा मान देतो. इंग्रजीत एकच अक्षर पाटील असतं, बाकीचे मागे बसतात. "हॉटेल" मध्ये जोर मागच्या "टेल" वर, "डेव्हलप" मध्ये मधल्यावर. आपण पहिल्यावर देतो आणि समोरचा क्षणभर अडतो. नवीन शब्द शिकताना अर्थाबरोबर जोरही लिहून ठेवायची सवय लावा.

तीन, दम. घाईघाईत बोलणं म्हणजे ओघ, हा गैरसमज. अर्थाचा तुकडा संपला की थांबायचं, तुकड्याच्या मधे नाही.

आणि आता नागपूरकरांसाठी खास. आपण "करून राहिलो" वाले लोक आहोत. "मला वाटून राहिलं", "तो म्हणून राहिला", "मी समजून राहिले". डोक्यात ते असतं म्हणून तोंडातून येतं "आय ॲम फीलिंग दॅट", "आय ॲम अंडरस्टँडिंग", "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स". पुण्या-मुंबईचेही करतात, पण आपली तर घराण्याची चीज आहे. मी माझ्या रेकॉर्डिंगमधून एका आठवड्याचे सगळे "आयएनजी" मोजले. लाज वाटली. तसंच "पाच वर्षांपासून" चं थेट "सिन्स फाइव्ह इयर्स". ते "फॉर फाइव्ह इयर्स" आणि क्रियापद "आय हॅव वर्क्ड". नऊ वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे वाक्य पहिल्या दोन मिनिटांत म्हणावंच लागतं, तेव्हा ते घोटून ठेवा. एवढं एक पाठ केलं तरी पाप नाही!

रात्रपाळी | बुधवार, रात्री ११:५५

सगळ्यांना उत्तर द्यायचंय पण आधी गृहपाठ. मास्तरकाका, रागावू नका, जसं आठवलं तसं लिहितेय.

२३ सप्टेंबर २०२३. शनिवार. त्या रात्री नागपुरात चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मी रात्रपाळीला होते. सकाळी ८ ला सुटणार होते आणि ११ च्या बसने उमरेडला भाचीच्या बारशाला जाणार होते. आत आयसीयूत आम्हाला पावसाचं काही कळत नाही. काचा बंद, मॉनिटरचा आवाज. पहाटे एका पेशंटच्या मुलाने सांगितलं, सिस्टर, मोरभवन पाण्यात आहे, बसा बुडाल्या. मला वाटलं फेकून राहिला. आठ वाजले, कोणी नाही. नऊ, कोणी नाही. माझी रिलीव्हर अंबाझरीच्या खालच्या बाजूला राहते. तिचा फोन लागेना. अकरा वाजता बारसं गेलं. एक वाजता ती आली. कमरेपर्यंत ओली, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात डोक्यावर धरून आणलेली युनिफॉर्मची पिशवी. युनिफॉर्म कोरडा होता. तिने पहिलं विचारलं, बेड चारचं काय झालं?

मला तेव्हा तिच्यावर इतका राग आला होता ना, पाच तास वाट पाहून. आणि ती दारात दिसल्यावर मला रडू आलं.

हे चालेल का? यात ब्रेथटेकिंग काहीच नाही.

ऑरेंज लाईन | गुरुवार, सकाळी ८:५०

ताई, मी सीताबर्डीला उतरायचं विसरलो हे वाचताना.

निवृत्त मास्तर | गुरुवार, सकाळी ११:१५

बेटा, यात दुरुस्ती करायला मास्तर लागत नाही. फक्त कागदावर काय लिहायचं ते बघ: "२३ सप्टें. / बारसं ११ / मोरभवन / चपला / बेड ४". पाच नोंदी. प्रत्येक नोंद दिसली की पुढची तीन वाक्यं तुझी तूच बोलशील, कारण ती तू पाहिलेली आहेस. आता इंग्रजीत बोल, लिहू नकोस. उद्या पुन्हा बोल. परवा पुन्हा. शब्द दर वेळी वेगळे आले पाहिजेत. तेच शब्द यायला लागले की समज, पाठ व्हायला लागलंय. मग ती गोष्ट आठवडाभर बंद ठेव.

आणि एक गंमत. हाच दिवस किती कार्डांना चालतो बघ. हवामान, उशीर झाला तो प्रसंग, कौतुक वाटलेला सहकारी, खूप वाट पाहिली ती वेळ, चुकलेला समारंभ. चरण बदलायचा, आख्यान तेच. असे सात-आठ दिवस आयुष्यातून काढून ठेव. साठ उत्तरांची फाइल लागत नाही. फक्त कार्डावर जे विचारलंय त्याच्या तोंडाला आख्यान आणून भिडव, नाहीतर "आवडती जागा" विचारली आणि तू पूर सांगत बसलीस तर पुन्हा तो गोवाच.

कॅलगरीकर | गुरुवार, दुपारी १२:४०

तिसऱ्या भागाचं राहिलं. समजा विचारलं, शहरांनी वाईट हवामानासाठी तयारी कशी करावी. ताई "आय थिंक" म्हणून एक वाक्य टाकून थांबतील. तिथे मी मनाशी चार शब्द ठेवायचे: काय, का, कुठे पाहिलं, पण. म्हणजे मत, त्याचं कारण, डोळ्यांनी पाहिलेलं एक उदाहरण आणि मग स्वतःच्याच मताला एक चिमटा. "नदीपात्रात बांधकाम होऊ देऊ नये. पाण्याला जागा उरत नाही. आमच्या शहरात तलाव भरला तेव्हा हे दिसलं. पण जे तिथे वर्षानुवर्षं राहतात त्यांनी जायचं कुठे?" चार वाक्यं, अर्धं मिनिट. "पण" ने सगळ्यात जास्त फायदा होतो, कारण तिथे "जरी-तरी" ची जोडवाक्यं आपोआप येतात. "फर्स्टली, सेकंडली, मोरओव्हर" टाळा. बोलताना कोणी "मोरओव्हर" म्हणत नाही, माझा मॅनेजरसुद्धा नाही, आणि तो फार बोर माणूस आहे.

प्रश्न कळला नाही तर सरळ पुन्हा विचारायला सांगा, त्याचे गुण जात नाहीत. पहिल्या भागात फक्त प्रश्न पुन्हा म्हणतात, तिसऱ्यात वेगळ्या शब्दांतही विचारतात.

शनिवारवाड्याच्या बाजूचा | गुरुवार, दुपारी १:१०

मिरियड मागे घेतो. ती चपलांची गोष्ट चांगली आहे.

झिरो माईल | गुरुवार, दुपारी १:१५

पुण्याने काहीतरी मागे घेतलं. धागा वर काढून ठेवा रे कोणी.

रात्रपाळी | सात आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:२०

धागा वर काढतेय.

परीक्षा झाली. तयारी म्हणाल तर अकरा आख्यानं जमवली, मास्तरकाकांना फोनवरून ऐकवली. ड्युटीनंतर चेंजिंग रूममध्ये रिलीव्हरसमोर बोलायचे, तीच ती चपलावाली. पहिल्यांदा पुराची गोष्ट ऐकली तेव्हा ती मधेच म्हणाली, "मी बेड चार नाही, बेड सहा विचारलं होतं." आमचं अर्धा तास त्यावरून भांडण. इंग्रजीत! माझी खरी प्रॅक्टिस तिथे झाली असं मला वाटतं.

परीक्षेच्या दिवशी पासपोर्ट, फोटो, बोटाचा ठसा, मग बराच वेळ नुसतं बसणं. समोर या वेळी एक सर होते. पहिल्या भागात "आय हॅव वर्क्ड देअर फॉर नाइन इयर्स" हे वाक्य असं गुळगुळीत निघालं की मलाच हसू आलं. कार्ड आलं: तुम्ही वापरत असलेलं एखादं उपयोगी यंत्र. पूर नाही, बारसं नाही, अकरातलं एकही नाही! दोन सेकंद पोटात खड्डा. मग कागदावर लिहिलं, "सिरिंज पंप / २०१६ / बीप / आई / कुकर".

सिरिंज पंप म्हणजे औषध अगदी थेंबाथेंबाने, ठरलेल्या वेगाने देणारं यंत्र. सिरिंज संपत आली की ते बीप बीप करतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो आवाज माझ्या डोक्यात इतका बसला होता की सुट्टीत घरी गेले असताना शेजारच्यांचा मिक्सर की काय वाजला आणि मी झोपेतून उठून भिंतीवर बटण शोधत होते. आई कुकरजवळ उभी राहून बघतच राहिली. हे सांगत असताना ते सर हसले. हसायची परवानगी आहे का त्यांना, माहीत नाही, पण हसले. आणि शेवटी "हे यंत्र नसतं तर" वर आले, तोच त्यांनी हात वर केला. वेळ संपली होती.

तिसऱ्या भागात, माणसांनी वस्तू दुरुस्त करायला शिकावं का? काय, का, कुठे पाहिलं, पण. "कुठे पाहिलं" ला बाबांचा रेडिओ आला. एक शब्द अडला, "सोल्डरिंग". आठवेना. म्हटलं, "दॅट हॉट पेन दे यूज टु जॉइन वायर्स". ते मान हलवून पुढे गेले.

निकाल काल आला. स्पीकिंग ७. लिसनिंग ७.५, रीडिंग ७. रायटिंग मात्र ६ वर घसरलं. मागच्या परीक्षेत रायटिंग ६.५ होतं आणि दोन्हींमध्ये पाचच महिन्यांचं अंतर आहे, म्हणून दोन निकाल जोडून काम झालं. अगदी काठावरून. रायटिंग ५.५ आलं असतं तर आज दुसराच धागा काढला असता.

क्लासवाला | रविवार, दुपारी ४:०५

अभिनंदन ताई. "हॉट पेन" पोरांना सांगणार आहे. शब्द अडल्यावर असंच वळसा घालून जायचं असतं, ते वळण घेता येणं हीसुद्धा शब्दसंपदाच धरतात. आणि फाइलमधून गोवा काढून टाकला. आता तिथे कोरं पान आहे, वर फक्त "तू कुठे गेला होतास?" असं लिहिलंय.

निवृत्त मास्तर | रविवार, संध्याकाळी ५:३०

शाबास. बेड चार की सहा ते शेवटी ठरलं का?

रात्रपाळी | रविवार, रात्री ८:१०

नाही ठरलं. ती सहावर ठाम आहे.

अवांतर: कागदपत्रांना वेळ आहे तोवर आई-बाबांना घेऊन पुढच्या महिन्यात गोव्याला चाललेय. तिघांनीही समुद्र पाहिलेला नाही.

तर्रीवाला | रविवार, रात्री ८:१२

ताई, फ्रॉम बर्डी?

रात्रपाळी | रविवार, रात्री ८:१५

फ्रॉम बर्डी. मेट्रोने एअरपोर्टपर्यंत. इट इज व्हेरी इझी टु गेट देअर.